ॲझोट : ‘निर्जीव’ नावाच्या वायूची कथा

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो, हे सातवी-आठवीचा कोणताही विद्यार्थी न अडखळता सांगतो. नायट्रोजनबद्दल आणखी काही सांग म्हटले, तर बहुतेक वेळा उत्तर येते, ‘तो निष्क्रिय वायू आहे. तो ज्वलनाला मदत करत नाही, श्वसनालाही उपयोगी पडत नाही.’ यात चुकीचे काहीच नाही. तरीही हे उत्तर ऐकणाऱ्याच्या मनात एक गैरसमज ठेवून जाते. हा वायू म्हणजे हवेतील नुसती भर आहे, त्याचा आणि जीवनाचा संबंध नाही, असे वाटू लागते.

गंमत अशी, की हा गैरसमज दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी थेट या वायूच्या नावातच जाऊन बसला होता. फ्रेंच भाषेत नायट्रोजनला आजही ‘ॲझोट’ म्हणतात. हा शब्द ग्रीक मुळावरून घडवलेला आहे. ‘अ’ म्हणजे नाही आणि ‘झोए’ म्हणजे जीवन. आपल्याला हा शब्द वाटतो तितका परका नाही. ग्रीकमधला नकारदर्शक ‘अ’ आणि ‘अशक्य’, ‘अचल’ या आपल्या शब्दांतला ‘अ’ हे सख्खे नातेवाईक आहेत. शिवाय ग्रीक ‘झोए’ आणि संस्कृत ‘जीव’ हे शब्द एकाच प्राचीन धातूपासून आले, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे ‘ॲझोट’चे मराठी रूप करायचे तर अक्षरशः ‘अजीव’ असेच होईल.

ज्याच्यावाचून एकही सजीव पेशी तयार होऊ शकत नाही, त्या मूलद्रव्याला ‘अजीव’ हे नाव का मिळाले? आणि ते चूक होते असे म्हणावे का? याचे उत्तर शोधताना रसायनशास्त्राच्या आणि शेतीच्या इतिहासातून बराच फेरफटका मारावा लागतो. तो आपण या लेखात मारू.

‘वाईट हवे’चे शोधक

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हवा हे एकच तत्त्व मानले जाई. एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅक यांनी चुनखडीतून निघणारी ‘बद्ध हवा’, म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड, वेगळी ओळखली आणि हवेचे अनेक प्रकार असू शकतात हे स्पष्ट झाले. ब्लॅक यांना पुढे एक प्रश्न पडला. बंद भांड्यात मेणबत्ती जाळून तयार झालेली ‘बद्ध हवा’ अल्कलीने शोषून घेतली, तरी बरीच हवा उरते आणि तिच्यातही मेणबत्ती विझते. ही उरलेली हवा कोणती? हे काम त्यांनी आपला विद्यार्थी डॅनिएल रदरफर्ड याच्यावर सोपवले. अणुकेंद्राचा शोध लावणारे अर्नेस्ट रदरफर्ड ते हे नव्हेत.

बावीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने बंद हवेत उंदीर ठेवून तो मरेपर्यंत वाट पाहिली. उरलेल्या हवेत मेणबत्ती आणि मग फॉस्फरस जाळला. शेवटी ती हवा तीव्र अल्कलीच्या द्रावणातून सोडून ‘बद्ध हवा’ काढून टाकली. जे उरले त्यात ज्योत विझत होती आणि प्राणी मरत होता. पण चुन्याची निवळी त्याने दुधाळ होत नव्हती. म्हणजे ही कार्बन डायऑक्साइडहून वेगळी हवा होती. रदरफर्डने हे निष्कर्ष १७७२ साली आपल्या वैद्यकीय प्रबंधात मांडले आणि या हवेला ‘अपायकारक हवा’ म्हटले.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये शील यांनी आणि इंग्लंडमध्ये कॅव्हेंडिश व प्रीस्टली यांनी हीच हवा वेगवेगळ्या वाटांनी मिळवली होती. शील तिला ‘बिघडलेली हवा’ म्हणत. प्रीस्टली तिला ‘फ्लॉजिस्टनयुक्त हवा’ म्हणत. पदार्थ जळताना फ्लॉजिस्टन नावाचे तत्त्व बाहेर पडते आणि हवा त्याने गच्च भरली की ज्वलन थांबते, अशी तेव्हाची समजूत होती. सर्वांना वायू सापडला होता, पण ते एक स्वतंत्र मूलद्रव्य आहे हे कोणी ओळखले नव्हते. त्यांतील बहुतेकांच्या दृष्टीने ती चांगल्या हवेची खराब झालेली अवस्था होती.

बारा दिवसांचा प्रयोग

हे चित्र पालटले ते पॅरिसच्या लाव्हाझिए यांनी. त्यांनी लांब वाकड्या नळीच्या काचपात्रात चार औंस पारा घेतला. नळीचे दुसरे टोक पाऱ्याच्या टोपल्यावर उपड्या ठेवलेल्या काचेच्या घंटेत नेले. आतल्या हवेचे आकारमान सुमारे ५० घन इंच होते. मग त्यांनी बारा दिवस पारा उकळण्याच्या बेताला तापत ठेवला. पाऱ्यावर लाल कण जमू लागले. ते वाढायचे थांबले तेव्हा हवा ४२ ते ४३ घन इंच उरली होती. तिच्यात ज्योत पाण्यात बुडवल्यासारखी विझली आणि प्राणी काही क्षणांत गुदमरले.

त्यानंतर लाल कण वेगळे काढून अधिक तापवले, तेव्हा ७ ते ८ घन इंच वायू बाहेर पडला. मेणबत्ती त्यात झगझगीत जळे आणि प्राणी सुखाने श्वास घेत. दोन्ही वायू पुन्हा एकत्र केले, तेव्हा नेहमीची हवा तयार झाली. हिशेब जुळला. हवा चांगलीही नव्हती, बिघडलेलीही नव्हती. ते दोन वेगवेगळ्या पदार्थांचे मिश्रण होते.

हा प्रयोग फार सुंदर असला, तरी पाऱ्याची वाफ विषारी असते. त्यामुळे शाळेत तो करून पाहण्याचा विचारही करू नये. त्याला एक बिनधोक पर्याय आहे, तो पुढे येईलच.

नाव कसे ठरले

नवे रसायनशास्त्र उभे राहू लागले, पण नावे मात्र जुनीच होती. ‘व्हीनसचे व्हिट्रिऑल’ किंवा ‘जस्ताची फुले’ अशा नावांवरून पदार्थात काय आहे याचा पत्ताच लागत नसे. १७८७ साली गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फुर्क्रवा या चौघांनी नामकरणाची नवी पद्धत प्रसिद्ध केली. नाव उच्चारताच पदार्थाचा स्वभाव किंवा घटक कळावा, हे तिचे सूत्र होते. हवेतील ज्वलनपोषक भागाला ‘ऑक्सिजन’, म्हणजे आम्ल उत्पन्न करणारा, हे नाव मिळाले. पाण्यातील दुसऱ्या घटकाला ‘हायड्रोजन’, म्हणजे पाणी उत्पन्न करणारा, असे नाव दिले.

हवेच्या उरलेल्या मोठ्या भागाला काय म्हणावे? इथे खरी अडचण आली. १७८५ मध्ये बेर्तोले यांनी दाखवले होते, की हा वायू अमोनियाचा घटक आहे. अमोनिया अल्कलीधर्मी असल्याने त्याला ‘अल्कलीजनक’ म्हणता आले असते. पण त्याच वर्षी कॅव्हेंडिश यांनी हवेतून विजेच्या ठिणग्या पाडून दाखवले, की हाच वायू नायट्रिक आम्लाचाही घटक आहे. मग त्याला ‘आम्लजनक’ का म्हणू नये? एकच मूलद्रव्य एका हाताने अल्कली घडवते आणि दुसऱ्या हाताने आम्ल. कोणतीही एक बाजू घेणे घाईचे ठरले असते. म्हणून त्या मंडळींनी सावध मार्ग पत्करला. ज्याविषयी वादच नाही असा एकच गुणधर्म त्यांनी निवडला. या वायूत प्राणी जगत नाही, एवढेच त्यांनी नावात नोंदवले आणि ‘ॲझोट’ हा शब्द जन्मला.

हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे असे आहे. ‘ॲझोट’ हे नाव अज्ञानातून आलेले नाही. जेवढे नक्की माहीत आहे तेवढेच बोलायचे, या शिस्तीतून ते आले. ‘ऑक्सिजन’ हे नाव मात्र धाडसाने दिलेले होते आणि तेच पुढे चुकीचे ठरले. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच असे लाव्हाझिए यांना वाटत होते. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा अंशही नाही, हे पुढे १८१० च्या सुमारास हम्फ्री डेव्ही यांच्या कामातून स्पष्ट झाले.

शाप्ताल यांचा आक्षेप

सावधपणे दिलेल्या नावातही एक खोट होती. ती १७९० मध्ये शाप्ताल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी दाखवली. त्यांचे म्हणणे अगदी साधे होते. ऑक्सिजन सोडला तर माहीत असलेल्या कोणत्याच वायूत प्राणी जगत नाही. हायड्रोजनमध्ये जगत नाही, कार्बन डायऑक्साइडमध्येही नाही. मग ‘अजीव’ हे नाव एकट्या यालाच का? व्याख्या म्हणून पाहिले तर ही अतिव्याप्ती झाली. हा वायू सोऱ्याचा, म्हणजे ‘नायटर’चा घटक आहे, म्हणून त्याला ‘नायट्रोजन’ म्हणावे, असे त्यांनी सुचवले. सोरा, गंधक आणि कोळसा यांची बंदुकीची दारू होत असल्याने सोरा सर्वांच्या ओळखीचा होता. इंग्रजांनी हे नाव उचलले आणि त्यांच्यामार्फत ते आपल्याकडे आले.

या नावाची कुळकथाही गमतीची आहे. ग्रीक ‘नायट्रॉन’ या शब्दाने मुळात इजिप्तमधील सरोवरांकाठी मिळणारा सोड्याचा क्षार ओळखला जाई. त्यात नायट्रोजनचा अणूदेखील नाही! कालांतराने तोच शब्द सोऱ्याला चिकटला. त्याच मुळाच्या दुसऱ्या फांदीवर ‘नॅट्रियम’ हे सोडियमचे लॅटिन नाव आले आणि त्यावरून ‘एनए’ ही संज्ञा. म्हणजे आवर्तसारणीतील ‘एन’ आणि ‘एनए’ ही एकाच घरातून निघालेली दोन भावंडे आहेत. आपला ‘नत्र’ हा शब्दही ध्वनीने याच कुटुंबाशी मिळताजुळता आहे.

फ्रेंच, रशियन, इटालियन, पोलिश, तुर्की आणि आजची ग्रीक या भाषांनी मात्र ॲझोटच जवळ केला. जर्मन लोकांनी स्वतःचा शब्द घडवला. त्याचा अर्थ ‘गुदमरवणारा पदार्थ’ असा होतो. बंगालीत यासाठी एके काळी ‘यवक्षारजान’ हा शब्द प्रचारात होता. त्यातील यवक्षार म्हणजे सोरा. तो शाप्ताल यांच्या मार्गाने गेलेला शब्द आहे.

नावावर उलटलेला पुरावा

आता मुख्य मुद्दा. ‘या वायूत प्राणी जगत नाही’ आणि ‘या मूलद्रव्याची प्राण्याला गरज नाही’ ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत. प्रयोगाने सिद्ध झाले होते ते पहिले. नावामुळे मनात ठसले ते दुसरे.

दुसऱ्या विधानाला पहिला जोरदार तडा १८१६ मध्ये गेला. पॅरिसच्या माजांदी यांनी कुत्र्यांना केवळ साखर आणि पाणी देऊन पाहिले. काहींना नुसते तेल किंवा डिंक दिला. यातील एकाही अन्नात नायट्रोजन नव्हता. कुत्रे भरपूर खात, तरी खंगत जाऊन काही आठवड्यांत मरत. आज आपण म्हणू, की त्यांना जीवनसत्त्वेही मिळत नव्हती. त्यामुळे मृत्यूचे सारे कारण नायट्रोजनच्या अभावावर टाकता येणार नाही. तरीही शरीरातील नायट्रोजन अन्नातूनच यावा लागतो, या विचाराला इथून जोर आला. फ्रेंच ग्रंथांत अन्नाचे ‘ॲझोटयुक्त’ आणि ‘ॲझोटविरहित’ असे दोन वर्ग पडले. शब्दशः अर्थ घेतला, तर शरीर घडवणाऱ्या अन्नाचे नाव झाले ‘निर्जीवतायुक्त अन्न’! १८३८ मध्ये याच द्रव्यांना बर्झेलियस यांच्या सूचनेवरून ‘प्रोटीन’, म्हणजे प्रथम स्थानाचे, हे नाव मिळाले. आपला ‘प्रथिने’ हा शब्द त्याच अर्थाचा आहे. प्रथिनांत वजनाने साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. आनुवंशिकतेच्या डीएनए रेणूतील चारही आधारकांत तो आहे.

मग प्रश्न उभा राहिला, की वनस्पती हा नायट्रोजन आणतात कुठून? चहूबाजूंनी हवेत तो भरलेला आहे, तर त्या तो थेट घेतात का? फ्रान्सच्या बुसिंगो यांनी १८३८ च्या सुमारास कुंड्यांत प्रयोग केले. क्लोव्हर आणि वाटाणा यांच्यात नायट्रोजन वाढलेला दिसला, गव्हात दिसला नाही. पुढे १८५७-५८ मध्ये इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे लॉज, गिल्बर्ट आणि प्यू यांनी हाच प्रश्न फार काटेकोरपणे तपासला. कोणतीही अशुद्धी राहू नये म्हणून त्यांनी माती भाजून घेतली आणि कुंड्या काचेखाली बंद ठेवल्या. उत्तर आले, की कोणतीच वनस्पती हवेतील नायट्रोजन घेत नाही.

प्रयोग निर्दोष होता आणि निष्कर्ष अपुरा होता. भाजल्यामुळे मातीतील अशुद्धीबरोबर तिच्यातले सूक्ष्मजीवही गेले होते आणि सारे रहस्य त्यांच्यातच होते. हे कोडे १८८६ मध्ये जर्मनीच्या हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी सोडवले. निर्जंतुक वाळूत लावलेला वाटाणा उपाशी राहिला. त्यात शेतातील मातीचे थोडे पाणी घातले, की मुळांवर गाठी आल्या आणि रोप जोमाने वाढले. तेच पाणी उकळून घातले तर काहीच झाले नाही. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंक यांनी गाठींमधील जिवाणू वेगळे काढले. आज आपण त्यांना रायझोबियम म्हणतो.

याच बायेरिंक यांनी १९०१ मध्ये मातीत स्वतंत्रपणे राहून नायट्रोजन बांधणारा आणखी एक जिवाणू सापडल्यावर त्याला नाव दिले, ‘ॲझोटोबॅक्टर’. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा शब्द चांगला परिचित आहे. ज्वारी, गहू किंवा कापसाचे बियाणे पेरण्यापूर्वी त्याला ॲझोटोबॅक्टरचे जिवाणू खत चोळतात आणि हरभरा-तुरीला रायझोबियमचे. पाकिटावरचे ते नाव वाचताना, आपण ‘अजीव’ हा शब्द उच्चारतो आहोत आणि एका जिवंत जिवाणूविषयी बोलतो आहोत, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

इतका हट्टी का?

नायट्रोजन हवेत मुबलक असूनही सजीवांना तो सहज का मिळत नाही? त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. हा बंध तोडायला दर मोलला सुमारे ९४५ किलोजूल ऊर्जा लागते. हीच त्याची ‘निष्क्रियता’. वीज चमकते तेव्हा तो बंध तुटतो. जिवाणू ते काम नायट्रोजनेझ या विकराच्या साहाय्याने साध्या तापमानाला करतात. माणसाला ते जमले विसाव्या शतकात. सोऱ्याचे साठे संपले तर गव्हाचे काय होईल, असा इशारा विल्यम क्रुक्स यांनी १८९८ मध्ये दिला होता. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये अमोनिया तयार करून दाखवला. कार्ल बॉश यांनी ती पद्धत कारखान्यात उतरवली आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. सुमारे २०० वातावरणे दाब, ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि लोहाचे उत्प्रेरक, एवढा खटाटोप त्यासाठी करावा लागतो. आपल्याकडील ट्रॉम्बे आणि थळ येथील खत कारखान्यांत अमोनिया आणि युरिया याच मार्गाने बनतात. आजच्या जगातील जवळजवळ निम्म्या लोकांचे अन्न या पद्धतीने बांधलेल्या नायट्रोजनवर अवलंबून आहे, असा अंदाज आहे. त्याच अमोनियापासून स्फोटकेही बनली आणि दोन महायुद्धांत ती वापरली गेली, ही या कथेची दुसरी बाजू.

आणखी एक उलटापालट पाहण्यासारखी आहे. नायट्रोजनेझ हा विकर ऑक्सिजनच्या संपर्कात नष्ट होतो. ज्याला आपण ‘प्राणवायू’ म्हणतो, तो या विकराला विषासमान आहे. म्हणूनच शेंगवर्गीय वनस्पतींच्या गाठींत हिमोग्लोबिनसारखे एक तांबडे द्रव्य असते. ते मोकळ्या ऑक्सिजनला आवरून धरते आणि जिवाणूंना श्वसनापुरताच पुरवते.

नावाची खरी बाजू

तरीही ‘ॲझोट’ हे नाव आपण हसण्यावारी नेऊ नये. १९ मार्च १९८१ रोजी अमेरिकेत ‘कोलंबिया’ या अवकाशयानाच्या चाचणीदरम्यान काही तंत्रज्ञ यानाच्या मागच्या कप्प्यात शिरले. आग लागू नये म्हणून तो कप्पा शुद्ध नायट्रोजनने भरलेला होता. त्यांना कसलीही चाहूल लागली नाही आणि ते कोसळले. त्यांतील काहींचा मृत्यू झाला. गुदमरल्याची जाणीव आपल्याला मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते, ऑक्सिजन कमी झाल्याने तितकी होत नाही. त्यामुळे नुसत्या नायट्रोजनमध्ये माणूस बेचैन न होताच शुद्ध हरपतो. नायट्रोजन विषारी नाही, पण एकटा असला की जीवघेणा ठरतो. लाव्हाझिए यांच्या नावात नेमके हेच सत्य होते.

जुने नाव रसायनशास्त्रातही जागोजागी टिकून आहे. ‘ॲझो’ रंग, ‘डायॲझो’ संयुगे, ‘हायड्रॅझिन’, ‘ॲझाइड’ हे सारे ॲझोटचेच वंशज. शाळेच्या प्रयोगशाळेतील मिथिल ऑरेंज हा दर्शक एक ॲझो रंगच आहे. एड्सच्या विषाणूविरुद्ध १९८७ मध्ये मान्यता मिळालेले पहिले औषध ‘एझेडटी’. त्यातील ‘ॲझिडो’ हा भागही तिथूनच आला. ‘निर्जीव’ या शब्दाने प्राण वाचवण्याचेही काम केले.

वर्गात काय करता येईल?

लाव्हाझिए यांच्या प्रयोगाऐवजी भांडी घासायची साधी लोखंडी काथ्याची घासणी घ्यावी (न गंजणाऱ्या पोलादाची चालणार नाही). ती सौम्य व्हिनेगरमध्ये बुडवून झटकावी आणि परीक्षानळीच्या तळाशी घट्ट बसवावी. नळी पाण्याच्या भांड्यात उपडी ठेवावी. एक-दोन दिवसांत लोखंड गंजते आणि पाणी नळीत सुमारे एक पंचमांश चढते. अंगठ्याने तोंड बंद करून नळी सुलटी करावी आणि जळती काडी आत न्यावी. ती विझते. दुसऱ्या नळीत तयार झालेल्या हवेत चुन्याची निवळी घालून हलवावी. ती दुधाळ होत नाही. रदरफर्डचा निष्कर्ष विद्यार्थ्यांना स्वतः काढता येतो. पेटती मेणबत्ती पाण्यात ठेवून वर पेला पालथा घालण्याचा प्रयोग मात्र या मापनासाठी वापरू नये. तिथे पाणी चढण्यात तापलेली हवा थंड होण्याचाही मोठा वाटा असतो.

त्याच आठवड्यात भुईमूग, मूग किंवा हरभऱ्याचे एखादे रोप मातीसकट हलकेच उपटून आणावे. मुळांवरची गाठ ब्लेडने शिक्षकांनीच कापावी. आतून गुलाबी दिसली, तर तिचे काम चालू आहे असे समजावे.

एका बाकावर काडी विझवणारी नळी आणि शेजारी गुलाबी गाठ ठेवावी. मग मुलांना विचारावे, या वायूला ‘अजीव’ म्हणावे का? बहुतेक वर्गांत दोन तट पडतील आणि दोघांकडेही पुरावा असेल. कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते नाव दिले गेले होते, इकडे चर्चा वळवली की वाद आपोआप मिटेल.